लवंगेवरचं नवरात्र

आमच्या घरात नवरात्राचे उपास म्हणजे नऊ दिवस खाण्याची चंगळ. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरूनच झालं. एकादशी नि दुप्पट खाशी म्हणतात ना, ते आम्हा जगदाळ्यांना बघूनच कुणीतरी म्हटलं असणार. सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी वरीचे तांदूळ आणि शेंगदाण्याची आमटी, चहाबरोबर रताळ्याचा कीस, संध्याकाळी बटाट्याची भाजी आणि वर राजगिऱ्याचा लाडू. दसऱ्यापर्यंत माझ्या भावाचं, शशीचं, पोट चांगलं सुटलेलं असतं, आणि तो त्याला देवीचा प्रसाद म्हणतो.

मी माने मॅडम. माहेरची जगदाळे. मिरजेच्या ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवता शिकवता निवृत्त झाले. नवरा गेल्यापासून घट बसले की सांगलीला माहेरी येऊन राहते. जीभ तिखट आहे, ते मला ठाऊक आहे, कुणी सांगायला नको.

माझी भावजय उज्ज्वला सांगलीच्या बाजारात हळदीचे सौदे पुकारते. पुकारायची, असं म्हणायला हवं, पण ते पुढे येईल. शशीची कंबर धरली तेव्हापासून अडतीचं दुकान तिनेच ओढलं. हल्ली बोली पडद्यावर लागते, व्यापारी चेन्नईत बसून बोट टेकवतो. तरी ढिगापाशी उभं राहून भाव पुकारणारं माणूस लागतंच, नाहीतर सौदा चढत नाही. उज्ज्वलाने आवाज टाकला की पलीकडच्या गुळाच्या सौद्यातले हमाल मान वळवायचे. घरात ती कानात काही सांगायला लागली की मी खिडक्या लावून घ्यायचे.

ह्याच गळ्यात तीन वर्षांपूर्वी गाठ निघाली. थायरॉइडचा कॅन्सर.

डॉक्टर म्हणाल्या, लहान आहे, सावकाश वाढणाऱ्या जातीचा आहे, लगेच कापायला नको, नजर ठेवू. उज्ज्वलाला तेच हवं होतं. तिच्या थोरल्या बहिणीची अशीच गाठ काढताना आवाजाची नस दुखावली. ती बाई आता बोलते ते तिच्या नातवंडांनाही कळत नाही, मग ती बोलायचं सोडून देते आणि भिंतीकडे बघत बसते. उज्ज्वलाने ते जवळून पाहिलं होतं. "वन्सं, मरण आलं तर येऊ दे," ती म्हणायची, "पण मला मुकी करून जगवू नका."

आता जरा शास्त्र सांगते. शिकवायची खोड जात नाही.

शरीरातल्या प्रत्येक पेशीत जनुकांचा तोच तो जाडजूड ग्रंथ असतो, पण प्रत्येक पेशी आपल्या कामापुरती पानं उघडते. थायरॉइडची पेशी आयोडीन पकडायचं पान उघडते, डोळ्याची पेशी त्या पानाकडे ढुंकून बघत नाही. कुठली पानं उघडी आहेत ते कळलं, की पेशीचा बेत कळतो. उज्ज्वलाच्या गाठीत बीआरएएफ नावाच्या जनुकातलं एक अक्षर बदललं होतं. त्यामुळे 'वाढ, वाढ' असं सांगणारी घंटा दाबलेलीच राहिली होती. हा निरोपाचा एक रस्ता. नुसता हाच चालू असेल तर असा कॅन्सर वर्षानुवर्षं पडून राहतो, कुणाला काही करत नाही. भीती असते दुसऱ्या रस्त्याची. तो पीआयथ्रीके नावाच्या रेणूपासून निघतो आणि एमटॉर नावाच्या दुसऱ्यापर्यंत जातो, आणि त्याचं काम म्हणजे अन्नाची खबर ठेवणं. माणूस जेवलं, रक्तात साखर आली, इन्सुलिन सुटलं, की हा रस्ता पेशीला सांगतो, माल आला, लागा कामाला. कॅन्सरने हाही रस्ता ताब्यात घेतला आणि आयोडीनचं पान मिटत चाललं, की गाठ उठली म्हणायची. मग ती शेजारच्या नसांची आणि श्वासनलिकेची भीड ठेवत नाही.

ती कधी उठते, हे ओळखायला चौकीदार आला. तांदळाच्या दाण्याएवढं यंत्र, सुईने थेट गाठीतच बसवतात. महिन्यातून एकदा दवाखान्यात जाऊन गळ्याभोवती पट्टा बांधायचा. मग ते गाठीतला थेंबभर रस ओढून घेतं, उघडी पानं मोजतं आणि एक आकडा सांगतं. लोक त्याला 'जाग' म्हणतात. जाग वीसच्या खाली असेल तर गाठ झोपलेली. पन्नासच्या वर गेली तर उठली, काढा. लागोपाठ सात वेळा आकडा वीसच्या खाली आला की चौकीदार काढून टाकतात आणि माणूस मोकळं, दोन वर्षं तपासणी नाही. आकडा खाली असताना सोनोग्राफीसुद्धा करायची नाही, असा नियमच झाला होता. चौकीदार आल्यापासून मिरजेत गळे कापणं निम्म्यावर आलं होतं. आकडा उतरला की लोक पेढे वाटायचे.

उज्ज्वलाचा आकडा आधी चाळिशीत लोंबकळत होता. चैत्रात तो एकदम बारावर आला आणि तेव्हापासून खालीच राहिला. सहा महिने आमच्याकडेही पेढे वाटले गेले. आश्विनातल्या सातव्या माळेला सातवा आकडा होता. तो खाली आला की ती सुटली.

सहाव्या माळेच्या दुपारी आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसलो होतो. शशी बाहेर झोपाळ्यावर घोरत होता. उज्ज्वलाने आपली ताटली माझ्याकडे सरकवली.

"घ्या वन्सं, माझं झालंय."

घट बसल्यापासून हे रोज चाललं होतं. मी दोघींचं खात होते आणि मनातल्या मनात तिला अन्नपूर्णा म्हणत होते. त्या दिवशी ताटली सरकवताना तिच्या पाटल्या सर्रकन कोपरापाशी गेल्या. मी तिचं मनगट धरलं तर बोटं एकमेकांवर चढली.

"उज्ज्वला, तू काय खातेस?"

"खाते की."

"काय ते सांग."

ती दाराकडे बघून आवाज खाली आणत म्हणाली, "लवंग."

घटस्थापनेपासून ती पाण्यावर आणि लवंगेवर होती. सकाळी एक लवंग दाढेत धरायची, ती दिवसभर. खिचडी करायची, सगळ्यांना वाढायची, आपली ताटली कधी मला, कधी दारातल्या गाईला. शशीला पत्ता नाही. मला तर खाण्यातून वर बघायलाच फुरसत नव्हती.

"नवस आहे," ती म्हणाली. "चैत्रातल्या नवरात्रात बोलले होते अंबाबाईला. लवंगेवर नऊ दिवस करीन, पण गाठ निजव. तेव्हाच लवंग धरली. आणि त्याच नवरात्रात आकडा बारावर आला. तेव्हापासून दर महिन्याला, आकड्याच्या आधी तीन दिवस लवंगेवर करते. देवी पावते वन्सं, दर वेळी पावते. तुम्ही बोलू नका कुणाला. नवस बोलून दाखवला की फळत नाही."

मला आधी गहिवरून आलं. खोटं कशाला बोलू, मला वाटलं, ही बाई काय ताकदीची आहे. मी खिचडीचा पुढचा घास घेतला. तो तोंडात असतानाच डोक्यात काहीतरी लख्ख झालं आणि मी ताटली खाली ठेवली.

अन्नाची खबर ठेवणारा रस्ता. तीन दिवस, सात दिवस पोटात अन्न नाही. रक्तात साखर कमी, इन्सुलिन कमी. तो रस्ता सामसूम असणारच, गाठ झोपलेली असो नाहीतर जागी. चैत्रापासून तिचा एकही आकडा भरल्या पोटी घेतलेला नव्हता. सहा महिने त्या गाठीचं खरं तोंड कुणी पाहिलेलंच नव्हतं.

मी तिला ते सांगितलं. वर्गात सांगायचे तसं सांगितलं, मग बहिणीला सांगावं तसं सांगितलं.

"म्हणजे उपासाने ती गप्प बसते ना?" उज्ज्वला म्हणाली. "मग तेच तर मी म्हणतेय."

"पोलीस बघून चोर गप्प बसला, म्हणून साधू झाला का गं? तीन दिवस गप्प बसते. महिन्याचे बाकीचे दिवस तू भाकरी खातेस तेव्हा ती काय करते, ते कुणी बघितलंय?"

"देवीची परीक्षा बघायची नसते."

"मी देवीची नाही, गाठीची परीक्षा बघायला सांगतेय. उद्या खाऊन चल."

"घट बसलेला असताना?" ती उठली. तिचा आवाज चढला तसं झोपाळ्यावरचं घोरणं थांबलं. तिने आवाज पुन्हा खाली आणला. "ह्यांना सांगितलंत तर माझी शपथ आहे तुम्हाला. उद्याचा आकडा होऊ दे. मग हवं ते बोला."

सातव्या माळेच्या सकाळी अखंड दिव्यापाशी शशीला बसवून आम्ही दोघी निघालो. विनाचालक रिक्षा मिरजेच्या रस्त्याला लागली. तिच्या मांडीवर देवीचा अंगारा होता, पुडीत. माझ्या मांडीवर पाण्याची बाटली होती, आणि तिच्यात मी मूठभर ग्लुकोजची पूड विरघळवली होती.

हो, विरघळवली होती. रात्रभर विचार करून केलं होतं. शपथ शशीला न सांगण्याची होती. पाणी ती पीत होतीच. जीव वाचला तर पाप माझं, असा हिशोब घातला होता मी.

दवाखान्यात चौकीदाराच्या खोलीबाहेर गर्दी होती. तिच्या घशाला कोरड पडली. तिने माझ्याकडे हात केला, मी बाटली दिली. तिने झाकण काढलं, डोळे मिटून काहीतरी पुटपुटली आणि बाटली ओठाला लावायला गेली.

तिचा तो चेहरा मला बघवला नाही. सात दिवस जी बाई दाढेतल्या लवंगेवर उभी आहे, तिला मी चोरून साखर पाजणार. मी बाटली हिसकावली. अर्धं पाणी तिच्या पदरावर सांडलं.

तिने पदर नाकाशी नेला, मग बोट जिभेला लावलं.

"वन्सं." एवढंच म्हणाली. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

तेवढ्यात तिचं नाव पुकारलं गेलं. ती माझ्याकडे न बघता आत गेली. मीही मागोमाग घुसले. तिच्या गळ्याला पट्टा बांधला. भिंतीतून मशीनमधली मुलगी, इस्त्री केलेल्या गोड आवाजात, नेहमीचं विचारायला लागली. आपल्याला मधुमेह आहे का? नाही. ताप आहे का? नाही. आपला उपवास आहे का?

"हो," उज्ज्वला म्हणाली.

पट्टा गुणगुणला. काही वेळाने भिंतीवर आकडा उमटला. नऊ.

पट्टा सोडणारी नर्स हसली. "सातवा ना काकू? सुटलात. आजच काढतील चौकीदार." उज्ज्वलाने हात जोडले. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. एवढ्या सुखात मी तिला तिच्या लग्नातसुद्धा पाहिली नव्हती. आणि मला तिच्या सुखाच्या आड जायचं होतं.

डॉ. नाझिया बागवान माझी विद्यार्थिनी. बागेतली पानं आणून शिरा मोजत बसणारी मुलगी, आता ह्या विभागाची प्रमुख. ती केबिनमध्ये अभिनंदन करायला उभीच राहिली होती. "या काकू, या मॅडम."

"नाझिया, चौकीदार काढू नकोस," मी म्हणाले. "हिच्या पोटात सात दिवस अन्न नाही. आणि सहा महिन्यांतल्या प्रत्येक आकड्याला नव्हतं."

उज्ज्वलाने गर्रकन माझ्याकडे पाहिलं. नवस फुटला होता, आणि मी फोडला होता.

नाझियाचं हसू हळूहळू उतरलं. "अजिबात नाही? खिचडी, फळं, दूध?"

"लवंग."

ती खाली बसली. स्क्रीन आपल्याकडे वळवून बराच वेळ काही बघत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, हे तुम्हाला वाटतंय त्याहून वाईट आहे."

आणि तिने जे सांगितलं ते ऐकून मला हसावं की रडावं कळेना. चौकीदार नवा होता तेव्हा मशीन विचारायचं, जेवलात का? आपली माणसं दोन ताटल्या खिचडी चापून यायची आणि ठणकावून 'नाही' सांगायची. खोटं नव्हे ते, उपासाचं खाणं म्हणजे जेवण थोडंच असतं. आकडे भलतेच चढायचे, झोपलेल्या गाठी जाग्या दिसायच्या, उगाच गळे कापले जायचे. म्हणून बनवणाऱ्यांनी आपल्याकडच्या हजारो माणसांचे आकडे मशीनला शिकवले आणि प्रश्न बदलला. मशीन शिकलं की ह्या मुलखात 'उपवास आहे' म्हणजे पोटात साबुदाणा, बटाटा, साखर ठासून भरलेली. दुसरा रस्ता फुकाचा गजबजलेला. तेव्हा कुणी 'हो' म्हटलं की मशीन ती गजबज वजा करून टाकतं.

"म्हणजे उपाशीपोटी आधीच पडलेल्या आकड्यातून," मी म्हणाले, "न खाल्लेली खिचडी वजा झाली."

"दर महिन्याला." नाझियाने काहीतरी दाबलं. "वजाबाकी काढली तर आजचा आकडा एकतीस येतो. सात दिवसांच्या उपाशी पोटी एकतीस, मॅडम. पोटात अन्न असताना किती असेल, मी सांगू शकत नाही."

सगळ्या महाराष्ट्रात खरा उपास करणारं कुणी असेल, हे त्या मशीनला कुणी सांगितलंच नव्हतं. आमच्यासारख्यांनी त्याला तसं शिकवलं होतं.

"आत्ताच कळू शकेल," नाझिया म्हणाली. "साखर पोटात गेली की निरोप मिनिटांत जातो. पानं उघडायला तीनेक तास. ग्लुकोजचं सलाईन लावू या काकू?"

तीन तास. म्हणजे माझी बाटली तशीही फुकटच गेली असती. मी संधी साधली. "हे बघ उज्ज्वला, सलाईन म्हणजे औषध. तोंडातून जात नाही. औषधाला दोष नसतो, तुला माहीत आहे."

उज्ज्वलाने माझ्याकडे पाहिलंच नाही. माझ्या शब्दाची किंमत बाटलीबरोबर सांडली होती. ती नाझियाला म्हणाली, "बाई, तुमच्यात रोजे असतात. रोज्यात असं सलाईन घेतलं तर चालतं?"

मी नाझियाकडे डोळे वटारून बघितलं. एक 'हो' म्हण पोरी. तुला बारावीला पैकीच्या पैकी दिले होते प्रॅक्टिकलला. एक 'हो' म्हण.

नाझियाने माझे डोळे पाहिले. मग मान हलवली. "नाही काकू. पोट भरणारं सलाईन घेतलं तर रोजा मोडतो, असंच आम्हाला शिकवलंय. आजाऱ्याला मुभा आहे. तो मोडतो, आणि बरा झाला की भरून काढतो. पण मोडलाच नाही असं म्हणता येत नाही."

झालं, मी मनात म्हटलं. संपलं सगळं. मला त्या पोरीचा भयंकर राग आला.

उज्ज्वला बराच वेळ अंगाऱ्याच्या पुडीची घडी उलगडत, मिटत राहिली.

"ही एकटी खरं बोलली," ती शेवटी म्हणाली. "भरून काढतो, म्हणालात ना तुम्ही?"

"हो."

"मग मीही भरून काढीन." ती उठून खिडकीशी गेली. कोल्हापूर कुठल्या दिशेला, ते मला विचारलं, मी दाखवलं. तिने त्या दिशेला हात जोडले. "आई, मोडतेय गं. जाणूनबुजून मोडतेय. खरं काय ते दाखव आता." मग वळून म्हणाली, "सलाईन नको. मोडायचाच तर तोंडाने मोडीन. वन्सं, तुमचा डबा काढा."

डबा माझ्या पिशवीत होता. मी कुठेही जाताना उपासाचं बरोबर नेते, सांगितलंच ना. नाझियाने आधी तिचं रक्त तपासलं, लिंबू-साखरेचं पाणी चमच्याचमच्याने पाजलं, बराच वेळ जाऊ दिला. मग खिचडी, तीही चार चार दाणे. उज्ज्वला खात होती आणि रडत होती. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि माझ्या बापजन्मी पहिल्यांदा मला खिचडीचा वास नकोसा झाला होता.

तीन तास आम्ही बाकावर बसलो. ती माझ्याशी बोलली नाही. पण तिसऱ्या तासाला तिने डोकं माझ्या खांद्यावर ठेवलं, आणि मी हलले नाही.

पुन्हा पट्टा. पुन्हा ती इस्त्रीची मुलगी. मधुमेह? नाही. ताप? नाही. आपला उपवास आहे का?

उज्ज्वलाने माझ्याकडे पाहिलं. नवमी व्हायची होती, घट अजून बसलेला होता. "हो," ती म्हणाली. आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा मशीनचा समज बरोबर होता. उपास होता, आणि पोटात खिचडी होती. जेवढं वजा करायचं तेवढंच ते वजा करणार होतं.

अडुसष्ट.

नर्सने पट्टा सोडला तो हातातच धरून ठेवला. मी उज्ज्वलाचा हात धरला.

"वन्सं," ती म्हणाली, "मी देवीला म्हणत होते, खरं दाखव. आणि दर महिन्याला मीच तिच्या तोंडावर हात दाबून बसत होते."

त्याच दुपारी सोनोग्राफी झाली. गाठ मागच्या बाजूने पसरली होती आणि डाव्या आवाजाच्या नसेला वेढा घालून बसली होती. नाझियाने सरळ सांगितलं. ती नस जाणार. उजवी वाचवू. आवाज राहील, पण आजचा नाही. आणि मग म्हणाली की आयोडीनचं पान अजून पुरतं मिटलेलं नाही, म्हणून कापल्यावर आयोडीनचा डोस काम करील. आज चौकीदार काढून हिला दोन वर्षं घरी पाठवली असती, तर करण्यासारखं काही उरलं नसतं.

शशीला मी फोनवर सांगितलं. तो दिव्यापाशी बसलेला होता. म्हणाला, "अक्का, मी रोज तिच्यासमोर बसून खात होतो गं." मीही खात होते.

दसरा झाला. उज्ज्वलाने जाऊन दुकानात हळदीच्या ढिगाची पूजा केली, सोनं वाटलं आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात दाखल झाली. शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी नाझिया खोलीत आली. मशीन बनवणाऱ्यांना तिने सगळं कळवलं होतं. आणखीही तसे लोक सापडले होते, कुणी निर्जळी करणारं, कुणी लवंगेवरचं. एक प्रश्न वाढवायचा ठरलं होतं. त्यांनी पाठवलेला प्रश्न तिने वाचून दाखवला. आपण मागील बारा तासांत पिष्टमय पदार्थांचे सेवन केले आहे काय?

उज्ज्वला हसली. किती दिवसांनी हसली. "हे कुणाला कळणार? आमच्या बाजारात विचारलंत तर हमाल म्हणतील, पिष्टमय कुठल्या गावचा?"

"मग कसं विचारू काकू?"

"सरळ विचारायचं. उपास खरा, का खिचडीचा?"

नाझियाने फोन पुढे धरला. "परत म्हणा. सौद्याच्या आवाजात म्हणा."

उज्ज्वला पलंगावरून उतरली. दवाखान्याच्या त्या ढगळ झग्यात कमरेवर हात ठेवून उभी राहिली, ढिगापाशी राहायची तशी. आणि तिने आवाज टाकला. पलीकडच्या वॉर्डातून दोन नर्सा धावत आल्या. शशीने तोंड फिरवून घेतलं. मी मात्र नीट ऐकून घेतलं. पुन्हा मिळणार नव्हतं ना.

नस गेली. गाठही गेली, आयोडीनचा डोस झाला, रक्त स्वच्छ आलं. उज्ज्वला जगली. तिचा आवाज आता वाळक्या पानांवरून कुणी चालावं तसा येतो, दोन हातांपलीकडे पोचत नाही. सुरुवातीला ती बहिणीसारखीच भिंतीकडे बघत बसली होती. मग एक दिवस पदर खोचून बाजारात गेली. भाव आता दुसरा माणूस पुकारतो, ती शेजारी उभी राहून बोटांनी सांगते. व्यापारी म्हणतात, बाईंची बोटंही मोठ्याने बोलतात. मार्गशीर्षात तिने उरलेले तीन दिवस लवंगेवर भरून काढले. नाझियाला विचारून, मला सांगून, शशीला समोर बसवून.

चैत्रात मी तिच्याबरोबर दवाखान्यात गेले. गाठीच्या जागी नवा चौकीदार बसवला होता, परत काही उगवतं का बघायला. चैत्रातलं नवरात्र चालू होतं. पट्टा बांधताना मी शेजारी उभी होते. त्या प्रश्नाचं मी विसरूनच गेले होते.

मधुमेह आहे का? ताप आहे का? आपला उपवास आहे का?

"हो," उज्ज्वला कुजबुजली. मशीनला ऐकू गेलं नाही. तिने तोंड भिंतीजवळ नेऊन पुन्हा सांगितलं.

आणि ती खोली भरून गेली. "उपास खरा, का खिचडीचा?"

तोच आवाज. हळदीच्या धुळीतून यायचा तसा, खणखणीत. बाहेर रांगेत कुणीतरी हसलं. आता ही ओळ प्रत्येक मशीन विचारतं, लातूरला, रत्नागिरीला, चंद्रपूरला, जिथे जिथे कुणी 'हो' म्हणतं तिथे. उज्ज्वला अगदी स्थिर बसली होती, लहानपणीचा फोटो अचानक सापडावा तशी त्या भिंतीकडे बघत. तिचा हात गळ्यावरच्या पट्ट्याशी गेला आणि तिथेच थांबला.

मशीन उत्तराची वाट बघत होतं. त्याने पुन्हा विचारलं, त्याच आवाजात.

उज्ज्वला माझ्याकडे वळली. डोळे भरलेले होते, पण ओठांच्या कोपऱ्यात ते जुनं, बाजारातलं हसू होतं.

"खिचडीचा," तिने भिंतीला सांगितलं. मग माझ्यासमोर हात धरून, सौद्यात धरायची तशी, दोन बोटं वर केली. दोन ताटल्या.